पंधराचा वर्ग

पंडिता रमाबाई तुम्हाला माहीत आहेतच, निदान परीक्षेपुरत्या तरी. शारदा सदन, १८८९, मुंबई. मुक्ती सदन, केडगाव. जोड्या लावा, गुण एक. स्पर्धा परीक्षेची तयारी चालू असेल तर आर्य महिला समाज आणि हंटर आयोगापुढची साक्षही पाठ असेल. एवढं लिहिलं की आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

आज जरा तिथेच थांबू. कारण या नोंदींच्या मधल्या जागेत एक बाई आहे, जिच्यापुढे आयुष्यभर कुवतीबाहेरची कामं येत राहिली. हाताशी पैसा नाही, माणसं नाहीत, समाज पाठीशी नाही. तरी तिने ती घेतली. का घेतली, याचं तिचं स्वतःचं उत्तर साधं होतं: देवाची तशी इच्छा आहे म्हणून. तुम्ही देव मानत असाल किंवा नसाल, त्यांचा धर्म तुमचा असेल किंवा नसेल, हे उत्तर एका माणसाला कुठून कुठे घेऊन गेलं हे बघण्यासारखं आहे. आणि ते ऐकायला वाटतं तितकं सोपंही नव्हतं.

पाठांतर भरपूर, हातात कसब नाही

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. त्या काळात हा जवळपास गुन्हाच. लोकांचा रोष ओढवला. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं, आणि हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत देशभर फिरत राहिलं.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. साठवलेले पैसे, दागिने, भांडीकुंडी सगळं संपलं. त्यातलं बरंचसं नवस, दानधर्म आणि अनुष्ठानांत गेलं, कारण देव पावेल अशी आशा होती. शेवटी झाडाची पानं खायची वेळ आली. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. हजारो श्लोक तोंडपाठ असलेली ही भावंडं उपाशी होती, कारण मजुरीची सवय नव्हती आणि पोट भरेल असं दुसरं कसब हातात नव्हतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे केडगावात ती पुन्हा भेटेल.

दोघं पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात बोलते, श्लोक म्हणते, हे बघून तिथले विद्वान चकित झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर रमाबाई रातोरात स्टार झाल्या. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात आणि प्रांत ओलांडून, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षाच्या आतच आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा सगळे गमावलेले, आणि कडेवर तान्ही पोर. तुमच्यातल्या कुणाकुणाचं हेच वय असेल.

डॉक्टर व्हायचं राहून गेलं

त्या पुण्याला आल्या. व्याख्यानं दिली, आर्य महिला समाज काढला, मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं हंटर आयोगाला सांगितलं. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशावर १८८३ मध्ये मुलीला घेऊन इंग्लंड गाठलं. ठरवलं होतं की मेडिकल शिकायचं आणि परत येऊन आपल्या बायकांवर उपचार करायचे.

ते झालं नाही. रमाबाईंना कमी ऐकू यायचं, आणि हा दोष डॉक्टरकीच्या शिक्षणाच्या आड आला. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच दार बंद. सोबत आलेल्या मैत्रिणीचा त्याच सुमारास तिथे दुर्दैवी मृत्यू झाला.

वाँटेज गावात त्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहत होत्या. तिथल्या बायकांनी त्यांना लंडनमधलं एक घर दाखवलं. समाजाने वाईट चालीच्या ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांची तिथे प्रेमाने देखभाल केली जात होती. रमाबाईंना हे नवीन होतं. या बायकांना कुणी माणूस म्हणून वागवतं, याचं मूळ त्यांनी शोधलं तेव्हा शोमरोनी बाई आणि येशूच्या भेटीची गोष्ट त्यांच्या वाचनात आली. ज्या बाईशी कुणी धड बोलत नव्हतं तिच्याशी विहिरीकाठी बसून बोलणारा हा येशू त्यांच्या मनात घर करून गेला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात खळबळ उडाली. तो सगळा इतिहास तुम्ही वाचला असेल. कमी सांगितली जाते ती पुढची गोष्ट. बाप्तिस्मा घेतल्यावर रमाबाई गुमान चर्चच्या आज्ञेत राहतील असं मठातल्या बायकांना वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारले. जेवण शाकाहारीच ठेवलं. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला आणि माझ्या लोकांना कळणारं संस्कृत का नको, असा वाद घातला. धर्मगुरू म्हणतात म्हणून एखादी गोष्ट मानायची त्यांची तयारी नव्हती. देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने माणसांनी काढलेली आज्ञा यात त्या फरक करत. आज्ञाधारक या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे मान खाली घातलेली बाई येते. रमाबाई तशा कधीच नव्हत्या. त्यांची पत्रं वाचून वरिष्ठांचं डोकं दुखत असे.

दहा वर्षांचं पाठबळ

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. जी पदवी त्यांना स्वतःला घेता आली नाही, ती दुसऱ्या मराठी मुलीला मिळताना त्यांनी पाहिली. मग तिथे राहून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली. बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने बालविधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक विधवा होती. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. बाया कर्वे त्या याच.

सदनात धर्माची सक्ती नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतः मात्र दार उघडं ठेवून प्रार्थना करत, बायबल वाचत, आणि काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सदनाच्या सल्लागार मंडळावर होते, तेही बाजूला झाले. पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे दोन्ही बाजू नीट बघायला हव्यात. विश्वासाने मुलगी पाठवलेल्या घराला फसवल्यासारखं वाटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे. रमाबाईंचं म्हणणं असं की मी कुणाला बोलावलं नाही, पण माझी प्रार्थना दार लावून करणार नाही, आणि कुणी आलं तर उठवणारही नाही. यातला योग्य कोण यावर आजही वर्गात जोरदार चर्चा होऊ शकते. एवढं मात्र खरं, की दार लावून घेणं सोपं होतं, आणि तेवढ्याने सगळं निभावलं असतं. त्यांनी ते केलं नाही आणि त्याची किंमत मोजली. पुण्यात ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यातले बरेच लोक दुरावले.

पंधरा गुणिले पंधरा

अमेरिकेच्या पैशाची मुदत १८९८ ला संपणार होती. रमाबाईंनी पुढचा विचार करून दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला जमीन घेतली. तिथे फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा बेत. म्हणजे प्लॅन बी तयार होता. देवावर भरवसा आहे म्हणून हिशेबाची वही बंद करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

१८९६ च्या सुरुवातीला लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर भरलं. रमाबाई आपल्यासारखाच विश्वास धरलेल्या पंधरा मुलींना घेऊन तिथे गेल्या होत्या. एका सकाळी रानात एकट्या प्रार्थनेला बसल्या असताना त्यांनी देवाकडे एक विचित्र मागणी केली: या पंधराचा वर्ग करून दे, म्हणजे दोनशे पंचवीस. पुढच्या शिबिराच्या आत. हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात शारदा सदनात तेव्हा याच्या निम्म्यालाही धड जागा नव्हती. पैशाचं विचारूच नका.

त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

बातम्या येऊ लागल्या तेव्हा रमाबाईंची काय अवस्था झाली असेल, विचार करा. पानं खाऊन दिवस काढलेली बाई ती. दुष्काळात एकट्या सापडलेल्या मुलींचं काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जावं असं आतून वाटत होतं आणि जाऊ नये याची कारणंही ढीगभर होती. असोसिएशनचा पैसा शाळेसाठी होता, दुष्काळासाठी नव्हे. आणलेल्या मुली ठेवायच्या कुठे? खायला काय घालायचं? देवाने श्रीमंत असतीस तर गोष्ट वेगळी, असं म्हणून मोकळं केलं असतं तर बरं झालं असतं, असा विचारही मनाला शिवून गेला असेल. पण मागणी आपणच केली होती आणि आता तिचं उत्तर असं समोर आलं होतं. त्या गेल्या.

मध्य प्रांतात त्यांनी दुष्काळी छावण्या आणि गरीबखाने पाहिले. हाडाचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. त्यांना गोळा करून पुण्याला आणलं, तर पुण्यात प्लेगची धास्ती. इतक्या मुली शहरात ठेवता येणार नाहीत, असं सरकारी अधिकाऱ्यांनी बजावलं. मग सगळ्यांना केडगावच्या शेतावर हलवलं. फळबागेसाठी घेतलेल्या जागेवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मागितल्या होत्या दोनशे पंचवीस, आणलेल्या मुली तीनशेच्या घरात गेल्या.

गोष्ट इथे संपवली असती तर छान, गोड झाली असती. पण खरी अवघड परीक्षा इथून पुढे होती. उपासमारीने खंगलेल्या मुलींपैकी काही वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांना रोग होते, खरूज होती, अन्न पळवून लपवून ठेवायची सवय होती, कुणावर विश्वास ठेवायची सवय नव्हती. त्यांना आंघोळ घालणं, औषध लावणं, रात्री उठून बघणं हे काम रोजचं. त्यात कसलंही तेज नाही, टाळ्या नाहीत. शारदा सदनातल्या मोठ्या मुलींनी यातला मोठा भार उचलला. काही वर्षांपूर्वी ज्या स्वतः घरच्यांना नकोशा होत्या, त्या आता दुसऱ्यांच्या ताई झाल्या.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हाही रमाबाई थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्तीची वस्ती जवळपास दोन हजारांवर गेली. एवढ्या माणसांसाठी कायमचा दाता नव्हता. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. म्युलर कुणापुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथांना सांभाळत. रमाबाईंनी तोच रस्ता धरला. देणग्या आल्या, कधी भरपूर, कधी अगदी गरजेपुरत्या.

पण बघा, प्रार्थना चालू असताना हात मोकळे नव्हते. विहिरी खणल्या जात होत्या. शेती होती, दूधदुभतं होतं, तेलाचा घाणा होता, माग होते, शिवणकाम होतं, छापखाना होता. अंध स्त्रियांना ब्रेल शिकवलं जात होतं. प्रत्येक मुलीच्या हातात काहीतरी कसब हवंच, असा रमाबाईंचा हट्ट. का, ते आता तुम्हाला कळलं असेल. श्लोक येत होते पण मजुरी येत नव्हती म्हणून आईवडील डोळ्यांदेखत गेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. देव देईल हा भरवसा आणि आपण कष्ट करायचे ही शिस्त, या दोन गोष्टी मुक्तीत एकाच दिवसाच्या वेळापत्रकात बसत होत्या.

अठरा वर्षांचं एक काम

पंचेचाळिशी ओलांडल्यावर कुणी नवी भाषा शिकायला घेतं का? रमाबाईंनी दोन घेतल्या, हिब्रू आणि ग्रीक. कारण त्यांना बायबल नव्याने मराठीत आणायचं होतं. मराठी बायबल तेव्हा होतं, पण त्याची भाषा खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईला जड जाते असं त्यांचं मत होतं. संस्कृतातले जड शब्द काय आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ज्यांनी संस्कृतावर नाव कमावलं, त्यांनीच साध्या मराठीसाठी आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षं दिली. दिवसभर दोन हजारांचा संसार आणि त्यातून वेळ काढून भाषांतर. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं मुक्तीतल्याच बायका करत. नवा करार आधी छापून झाला, जुन्या कराराचं काम चालू राहिलं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईसोबत बाप्तिस्मा घेतलेली, आईनंतर मुक्ती सांभाळेल असं सगळ्यांनी धरून चाललेली मुलगी. चाळिशीत गेली. रमाबाईंच्या आयुष्यातलं हे शेवटचं माणूस. देवावर इतका विश्वास ठेवून काय मिळालं, असा प्रश्न इथे आपल्याला पडतो. त्यांनाही पडला असेल. तरी त्या भाषांतराच्या कामाला पुन्हा बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

आता एक कडू वाटेल अशी गोष्ट. आज मराठी चर्चमध्ये सर्रास वाचलं जातं ते रमाबाईंचं भाषांतर नव्हे. अठरा वर्षांच्या कामाचा असा निकाल. तुमच्या-माझ्या मापाने मोजलं तर हे अपयशच म्हणायचं.

पण त्यांचं माप वेगळं होतं. सोपवलेलं काम नीट करणं एवढंच त्या आपल्याकडे धरत, त्याचं पुढे काय होईल ते देवाकडे. हे माप कळलं की त्यांच्या आयुष्यातले तुकडे एकत्र जुळतात. डॉक्टर होता आलं नाही, पण त्या इंग्लंडहून रिकाम्या परत फिरल्या नाहीत. पुण्याने पाठ फिरवली, त्यांनी केडगाव उभं केलं. दोनशे पंचवीस मुली मागितल्या आणि उत्तर दुष्काळाच्या रूपात आलं, तेव्हा मी असं म्हटलं नव्हतं अशी पळवाट काढली नाही. विश्वास ठेवला म्हणून त्यांचं कुठलंच काम सोपं झालं नाही. उलट प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठं काम पुढ्यात आलं. विश्वासाने त्यांना दिलं ते एवढंच: सगळी उत्तरं मिळायच्या आधी सुरुवात करायचं धैर्य, आणि सुरुवात केल्यावर मधेच न सोडण्याची चिकाटी.

तुमच्याही पुढे अशी कामं येतील. घरातलं आजारपण, अर्धवट राहिलेलं शिक्षण, कुणाच्या तरी बाजूने एकट्याने उभं राहण्याची वेळ. तयारी पूर्ण झाली की बघू, असं वाटेल. केडगावला दुष्काळातल्या मुली आल्या तेव्हा तयारी पूर्ण नव्हतीच. तिथे होते तंबू, थोडं धान्य, मदतीला धावणाऱ्या काही मोठ्या मुली आणि कमी ऐकू येणारी, अडतिशीतली एक विधवा.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. मुक्ती आजही तिथे चालू आहे. कधी त्या बाजूला गेलात तर उतरून बघा.